चि. सौ. कां. मोजिबाके

"मामा, तुझ्या कॉम्प्युटरवर एक गेम चालव ना," असं भाची म्हणाली, तेव्हा मी एका मुंजीच्या पत्रिकेत आत्याचं नाव काकूच्या वर घ्यायचं की शेजारी या पेचात होतो. माझं डीटीपीचं दुकान आहे, शनिवार पेठेत, जिन्याखाली. पंचवीस वर्षं मी लोकांची लग्नं, मुंजी, वास्तुशांती आणि तेरावे कंपोझ करतो आहे. गेम या प्रकाराशी माझा संबंध पत्त्यांच्या सॉलिटेअरपलीकडे गेलेला नाही, आणि तोही लाइट असून गिऱ्हाईक नसेल तेव्हाच.

भाची जपानी शिकते. पुण्यात यात नवल काही उरलेलं नाही. पूर्वी ज्या घरांतून संध्याकाळी पेटी ऐकू यायची, त्या घरांतून आता जपानी क्रियापदं ऐकू येतात. डिसेंबरात परीक्षा असते आणि ऑक्टोबरपासून आयांचे चेहरे बारावीसारखे होतात. हिची खालून दुसरी पायरी पार झाली होती आणि सरांनी सांगितलं होतं की आता पुस्तकं पुरे, काहीतरी खेळा, वाचा, पाहा. त्यातलं 'खेळा' तेवढं हिनं नीट ऐकलं होतं. तिचा लॅपटॉप दुरुस्तीला, म्हणून मामाचं दुकान.

गेम जुनी होती. जपानात 2000 साली 'आरपीजी त्सुकूरु 2000' नावाचं एक सॉफ्टवेअर आलं. त्यावर कोणालाही घरबसल्या आपली गोष्ट आणि आपली गेम रचता यायची. त्सुकूरु म्हणजे बनवणं, त्यात इंग्रजी 'टूल' लपवलेलं. जपानी माणूसही कोट्या करतो हे कळून बरं वाटलं. तिथल्या हजारो हौशी मंडळींनी अशा गेम केल्या आणि फुकट वाटल्या; ही त्यातलीच एक. तिथं ही एकेकट्यानं करायची परंपराच दिसते. 2004 साली आलेली 'दोकुत्सु मोनोगातारी', म्हणजे गुहेची गोष्ट, दाइसुके आमाया नावाच्या गृहस्थानं पाच वर्षं एकट्यानं खपून केली: चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रॅम त्याचा. आमच्याकडे एकट्यानं केलेलं काम म्हणजे दिवाळी अंकाचं संपादन, आणि त्यातही जाहिराती मेव्हणा आणतो.

भाचीनं पेनड्राइव्ह लावला, झिप सोडवली, दोनदा टिचकी मारली. काळी खिडकी उघडली आणि तिच्यावर एक पेटी येऊन बसली. पेटीत मजकूर होता. खाली ओके होतं. ओके तेवढं वाचता येत होतं.

बाकी मजकूर म्हणजे नुसतं रान. डोक्यावर टिंबं घेतलेले ओ, स्वल्पविराम, टक्क्यांसारखी खूण, पुन्हा स्वल्पविराम, आणि जागोजागी एक तिरकं, शेपूट खाली लोंबणारं एफ.

"अगं, हे जपानी आहे?"

"नाही रे मामा. हे मोजिबाके आहे."

मोजि म्हणजे अक्षर. बाके हा बाकेरु या क्रियापदातला. त्याचा अर्थ रूप पालटणं. जपानी गोष्टींत कोल्हा बाई होतो, तानुकी नावाचं रानातलं जनावर किटली होतं, ते हेच क्रियापद. बाकेमोनो म्हणजे भूत. तर मोजिबाके म्हणजे भूत झालेली अक्षरं. आम्ही या प्रकाराला दुकानात 'फॉन्ट नाहीये' म्हणतो. रोग तोच, पण त्यांचं नाव ऐकून आपण उगाच कोरडे राहिलो असं वाटलं.

कारण हा रोग मला नवा नव्हता. सगळी जिंदगी यात गेली. सगळ्या लिप्यांना एकाच कोष्टकात जागा देणारं युनिकोड येण्याआधी मराठी कॉम्प्युटरवर यायची ती चोरवाटेनं. इंग्रजी अक्षरांच्या खणांत काना, मात्रा, रफार, अर्धा श असे मराठीचे सुटे भाग भरायचे आणि त्याला फॉन्ट म्हणायचं. कॉम्प्युटरच्या मते आपण इंग्रजीच टाइप करतोय. फक्त चेहरे मराठी. पहिली वेलांटी आधी मारायची, व्यंजन मागून यायचं. प्रत्येक कंपनीचे खण वेगळे. एकाची फाइल दुसऱ्याकडे गेली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हं. एका गृहस्थांनी मला ईमेलवर कवितासंग्रह पाठवला होता. फॉन्ट माझ्याकडे नव्हता. मी प्रांजळपणे कळवलं की काही कळलं नाही. ते अजून बोलत नाहीत.

जपान्यांची भानगड थोडी निराळी. कॉम्प्युटरला अक्षर म्हणजे एक आकडा, शून्य ते 255 मधला. इंग्रजीला त्यातले निम्मेही लागत नाहीत. जपान्यांना हजारो कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, हवीत, शिवाय हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या. म्हणून त्यांनी एका अक्षराला दोन-दोन आकड्यांची जोडी दिली. 1980च्या दशकात रुळलेली ही पद्धत म्हणजे शिफ्ट-जिस. जपानी विंडोजला ती पाठ असते. आपल्या विंडोजला नसते, आणि खरी गंमत अशी की आपलं विंडोज तसं कबूल करत नाही. 'मला ही भाषा येत नाही' असं एक साधं वाक्य बोलायला त्याला काय होतं? पण नाही. परगावी पत्ता विचारला की काही माणसं माहीत नसताना हात लांब करून सांगतात, 'सरळ जा, मग डावीकडे,' तसं ते जोडी फोडतं, एकेक आकडा युरोपातलं अक्षर समजून वाचतं आणि छापून मोकळं होतं.

म्हणूनच ते शेपटीचं एफ. काताकानातल्या अक्षरांची सुरुवात 131 या आकड्यानं होते, आणि आकड्यांना अक्षरं वाटणाऱ्या युरोपी कोष्टकात 131 म्हणजे ते एफ. हिरागाना 130 पासून सुरू होतं. 130 म्हणजे ओळीच्या पायाशी पडलेलं एकेरी अवतरणचिन्ह, दिसायला हुबेहूब स्वल्पविराम. त्यामुळे नुसतं रान बघूनही सांगता येतं: शेपट्या जास्त असतील तर काताकाना, स्वल्पविराम सांडले असतील तर हिरागाना. नाडीपरीक्षाच ही. आणि ते एफ साधंसुधं नाही, डच गिल्डर या नाण्याची खूण आहे. 1641 पासून दोनशेहून अधिक वर्षं जपाननं युरोपातल्या फक्त डचांना व्यापारासाठी दार उघडं ठेवलं होतं, तेही नागासाकीच्या देजिमा नावाच्या चिमुकल्या बेटापुरतं. आज जपानी मजकूर बिघडला की त्यातून आधी डचांचा पैसा बाहेर पडतो. इतिहास कुठून गळेल सांगता येत नाही.

भाचीनं फोनवर काहीतरी उलटसुलट करून पेटीतला मजकूर सरळ केला. लिहिलं होतं, अमुक फाइल उघडता येत नाही. म्हणजे फाइलचं नाव वाचता येत नाही ही तक्रार, वाचता न येणाऱ्या अक्षरांत. आमच्या सोसायटीच्या नोटिशींची आठवण झाली.

उपाय भाचीला ठाऊक होता. कंट्रोल पॅनेल, रीजन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह. तिथं एक चौकट आहे, 'लँग्वेज फॉर नॉन-युनिकोड प्रोग्रॅम्स'. वाचताना असं वाटतं की युनिकोडवाल्यांची पंगत इकडे, नॉन-युनिकोडवाले तिकडे बसा. यादीत जपानी निवडायचं आणि मशीन बंद करून चालू करायचं. त्याच चौकटीत खाली एक टिकखूण आहे: सगळ्या जगासाठी यूटीएफ-8, म्हणजे युनिकोडच, वापरा. ती 2018 साली आली आणि तिच्यापुढे लिहिलं होतं 'बीटा'. ती केली तर जुन्या जपानी गेमचं भलं होत नाहीच, उलट गोंधळ वाढतो. मी तिकडे हात नेताच भाचीनं मनगट धरलं.

मराठीचं काय, म्हणून मी यादी पाहिली. जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमांसाठी विंडोजनं जपानीला 932 नंबरचं कोष्टक दिलं आहे. मराठीला त्या जातीचं स्वतःचं कोष्टकच नाही. आपण थेट युनिकोडातच जन्मलो, अशी विंडोजची समजूत आहे. म्हणजे माझी निम्मी पंचवीस वर्षं, तो अर्धा श, त्या आधी मारलेल्या वेलांट्या, हे सगळं सरकारदरबारी झालंच नाही.

मशीन पुन्हा चालू झालं. गेम पुन्हा नाही म्हणाली. कारण झिप आधीच सोडवली होती, आणि सोडवतानाच फायलींची नावं भूत होऊन बसली होती. जुनं फोल्डर फेकलं, झिप नव्यानं सोडवली. आता फोल्डरात कांजीत नावं लिहिलेल्या फायली दिसल्या. भाची आनंदानं ओरडली. गेम सुरू झाली. पडद्यावर एक छोटी मुलगी अंधाऱ्या खोलीत उभी, खाली जपानीत दोन ओळी. भाचीनं पहिला शब्द वाचायला चार मिनिटं घेतली. मी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत मला माझ्याच मशीनवर परक्यासारखं वाटू लागलं. कमांडच्या काळ्या खिडकीत फाइलचा पत्ता लिहितो तिथं तिरकी रेघ असते ना, मागे कललेली? तिच्या जागी येनची खूण आली होती. सी, कोलन, येन, पत्रिका, येन, जोशी. मला वाटलं, प्रत्येक फोल्डर उघडायला पैसे पडणार. भाची म्हणाली, जपानात असंच दिसतं. 1969च्या जपानी कोष्टकात 92 हा खण येनला दिला होता. त्याच खणात अमेरिकेची ती तिरकी रेघ. पुढे विंडोजच्या आधीच्या डॉसनं तिरक्या रेघेला फोल्डरची भिंत केलं, आणि जपानी माणूस आजतागायत भिंतीच्या जागी पैसा बघत आला. आपल्या रुपयाची खूण 2010 साली आली, तोवर सगळे खण वाटून झाले होते. आपल्याला भिंत मिळाली नाही.

या 92 नं जपान्यांना फार छळलं आहे. शिफ्ट-जिसमधल्या काही अक्षरांचा दुसरा आकडा नेमका 92. काताकानातला 'सो' असा. दहाचा कांजी असा. नो नाटकाचा 'नो' असाच. ज्या प्रोग्रॅमला जपानी कळत नाही तो या अक्षराच्या मध्येच भिंत आली असं समजतो आणि नावाचे दोन तुकडे करतो. 'सोफुतो' म्हणजे सॉफ्टवेअर; तेव्हा सॉफ्टवेअर ठेवायच्या फोल्डरचं नाव सॉफ्टवेअर ठेवलं की सॉफ्टवेअर मोडायचं. अशा अक्षरांना ते दामे-मोजि म्हणतात. दामे म्हणजे वाया गेलेलं, बिनकामाचं. एखाद्याला घरातला वडीलधारा 'दामे' म्हणतो, त्याच सुरात.

मग तिनं मला युरेइ-मोजि सांगितले, आणि तिथं मात्र मी मुंजीची पत्रिका बाजूला सारली. युरेइ म्हणजेही भूतच, पण हे बिघडलेलं अक्षर नव्हे. हे जन्मतःच भूत. 1978 साली जपाननं कॉम्प्युटरसाठी सहा हजारांवर कांजींचं पहिलं अधिकृत कोष्टक केलं. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं की त्यातले काही कांजी कुठल्याच कोशात नाहीत, कुणी कधी लिहिलेले नाहीत. मग 1997च्या सुधारणेच्या वेळी त्यांचा माग काढला. त्यातला एक असा: शिगा प्रांतातल्या एका जागेच्या नावात, वर डोंगर आणि खाली बाई असा एक दुर्मिळ कांजी होता. यादी करणाऱ्याकडे तो छापायला नव्हता. त्यानं डोंगराचा कागद कापला, बाईचा कागद कापला, एकाखाली एक चिकटवले आणि प्रत काढली. प्रतीत वरच्या कागदाच्या कडेची सावली आली. पुढच्या माणसाला ती सावली रेघ वाटली. डोंगर, आडवी रेघ, बाई. हे अक्षर कोष्टकात गेलं, तिथून युनिकोडात गेलं, आणि आज तुमच्या फोनमध्येही आहे.

पेस्ट-अपचा जमाना ज्यानं बघितला नाही त्याला यातला शहारा कळणार नाही. मी ब्लेडनं मात्रा कापून चिकटवल्या आहेत. डिंकानं अनुस्वार बसवले आहेत. कडेची सावली येऊ नये म्हणून पांढऱ्या शाईची बाटली कायम उघडी असायची, आणि तरी एकदा एका वराच्या आडनावावर सावलीचा रफार चढून आला होता. त्या घराण्यानं तो तसाच ठेवला असता तर आज मीही एका युरेइ-मोजिचा जनक असतो. पण त्यांनी पैसे कापले.

एवढ्यात दारात काका उभे. मुलीच्या लग्नाची पत्रिका, तिसरं प्रूफ. हे काका पत्रिका जुन्याच फॉन्टमध्ये करून घेतात, कारण थोरल्या मुलीची त्यात केली होती आणि तिचं बरं चाललंय. मी फाइल उघडली आणि पोटात गोळा आला.

मशीन आता जपानी होतं. जुन्या मराठी फॉन्टमधले बरेच तुकडे वरच्या खणांत बसवलेले असतात, 128च्या पुढे. जपानी कोष्टकात त्याच खणांत 161 पासून 223 पर्यंत अर्ध्या रुंदीचा काताकाना राहतो, आणि उरलेले बरेच आकडे दुसऱ्याचा हात धरून कांजी होतात. त्यामुळे 'चि. सौ. कां.'च्या पोटात काताकाना शिरला होता, कुलदैवताच्या जागी तीन कांजी होते, आणि कार्यस्थळाचं सभागृह कुठंतरी ओसाकाच्या बाजूला सरकलं होतं.

"हे काय?" काका.

भाची पुढे वाकली. परीक्षा डोक्यात असलेल्या मुलांना समोर जे येईल ते वाचायची सवय असते. तिनं ठणठणीत आवाजात वाचलं, "चि... मो... नु... रे... हे... हे." मग म्हणाली, "मामा, या कांजीचा अर्थ 'वाळलेलं' होतो बहुतेक."

काकांनी कुलदैवताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी त्यांना सांगितलं की सर्व्हर डाउन आहे. माझ्याकडे सर्व्हर नाही. पण हे वाक्य पुण्यातल्या बँकांनी इतकं रुळवलं आहे की त्यावर कोणी शंका घेत नाही. काका उद्या येतो म्हणाले.

मग मात्र भाचीला मी मामापण बाजूला ठेवून बोललो. ती म्हणाली, दुसरा मार्ग आहे, आधीच करायला हवा होता. एक्सपीच्या काळात मायक्रोसॉफ्टनंच अ‍ॅपलोकेल नावाचं एक छोटं साधन काढलं होतं. आता लोक लोकेल इम्युलेटर वापरतात. यात मशीन मराठी-इंग्रजीच राहतं. फक्त त्या एका गेमवर उजवी टिचकी मारायची, 'रन इन जपानीज' म्हणायचं, आणि हे साधन तिच्या कानात सांगतं की तू जपानात आहेस. भाषा जपानी, कोष्टक 932, एवढंच काय, घड्याळसुद्धा टोकियोचं, आपल्यापुढे साडेतीन तास. काही गेम म्हणे तेवढं तपासतातही, आणि आपण जपानबाहेर आहोत असा वास आला की दार लावतात. शेजारी माझी पत्रिका शनिवार पेठेत, हिची गेम टोकियोत. एकाच टेबलावर. मराठी एकत्र कुटुंबं याच तंत्रावर चालली, प्रत्येक सुनेला वाटायचं सासूबाई फक्त आपल्याशीच खरं बोलतात.

मशीन पुन्हा मूळपदावर आणलं. येन गेले, तिरक्या रेघा परत आल्या, कुलदैवत आपल्या जागी बसलं. गेम लोकेल इम्युलेटरवरून सुरू केली, ती चाललीही. मुलगी अजून अंधाऱ्या खोलीतच होती. भाची दुसऱ्या शब्दावर होती.

निघताना ती एक उलटा मासला दाखवून गेली. जुनं जपानी नव्या यंत्रात बिघडतं तसं नवं जपानी जुन्या यंत्रातही बिघडतं. युनिकोडमधला हिरागाना शिफ्ट-जिस समजून वाचला की पडद्यावर एकच अवघड कांजी पुन्हापुन्हा उगवतो. डावीकडे दोरा, उजवीकडे गुंतागुंत. जपानी लोक हा कांजी एरवी क्वचितच लिहितात, पण बिघाडामुळे तो सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. मी विचारलं, अर्थ काय? ती म्हणाली, गुंता.

दुसऱ्या दिवशी काका आले. प्रूफ पाहिलं, एक वेलांटी दुरुस्त केली, सही केली आणि विचारलं, "काल ते वाळलेलं काय होतं?"

लग्न मार्गशीर्षात आहे. तुमच्याही घरी कार्य असेल आणि मजकूर माझ्याकडे पाठवणार असाल, तर कृपा करून युनिकोडमध्ये पाठवा. देवनागरी त्यात 1991 पासून आहे. नसेलच जमत तर फॉन्टचं नाव तरी कळवा, आणि कविता असेल तर प्रिंटही सोबत द्या.